एका घावाचं काम

खाटकानं सत्तूर पाळकसाहेबांच्या हातात दिला, बाही कोपरापर्यंत सारली आणि आपला उजवा हात ओंडक्यावर आडवा ठेवला.

“मनगटाच्या सांध्यावर मारा,” तो म्हणाला. “आणि एकाच घावात. दुसरा मारावा लागला की हाडाचा चुरा होतो.”

पेन्सिलीला टोक करण्यापलीकडे पाळकसाहेबांचा धारदार वस्तूंशी कधी संबंध आला नव्हता. सत्तूर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, प्रार्थनेचं पुस्तक धरावं तसा. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आकड्यांना दोन बकरे लटकत होते आणि त्या खोलीत शांत असे तेवढे दोघेच होते.

फरशीवर रक्त होतं. खाटकाच्या दुकानात ते असायचंच. पण त्या रक्तात एक दात पडला होता, आणि तो बकऱ्याचा नव्हता.

“अरे भाऊ, पण हे मी का?”

“डाव्या हातानं माझा घाव वाकडा जातो. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला वाकडा तुकडा दिला नाही, तो स्वतःला कशाला देऊ? बायकोला सांगितलं, तर ती ऐकत नाही.”

“ऐकत नाही कसं?” कोपऱ्यातल्या स्टुलावरून बायको म्हणाली. फडक्यात बर्फ गुंडाळून तिनं गालाला लावला होता. “म्हटलं, खुशाल तोडा. पण मग घास मी भरवणार नाही आणि शर्टाच्या गुंड्याही लावणार नाही. त्या प्रभूला सांगा लावायला.”

बाप्तिस्म्याआधी गल्लीतले लोक सकाळी आभाळाकडे बघण्याआधी खाटकाच्या तोंडाकडे बघत. त्याच्या उजव्या हातानं बहुतेकांची विचारपूस केलेली होती. बायकोच्या भावाची जरा जास्तच. त्या मेहुण्याच्या दोन बरगड्या त्यानं दोन वेगवेगळ्या वर्षी मोडल्या होत्या, आणि दोन्ही वेळचं कारण आता दोघांनाही आठवत नव्हतं.

मग खाटीक पाण्यात उतरला आणि दुसराच माणूस होऊन वर आला. कुठलंही काम अर्धं सोडायचं नाही, ही त्याची धंद्यातली सवय. पाळकसाहेबांनी एका रविवारी गालाविषयीची शिकवण सांगितली, ती त्यानं वजन न करताच घरी नेली.

मेहुण्याला हे कळलं, तसा तो बुधवारी सकाळी नऊला दुकानाशी आला आणि काही न बोलता त्यानं खाटकाच्या डाव्या गालावर एक ठेवून दिली. खाटकानं उजवा पुढे केला. मेहुण्यानं तिथेही ठेवली आणि दोन पावलं मागे सरून वाट बघितली. काहीच झालं नाही. गुरुवारी तो मित्रांना घेऊन आला. पुढच्या आठवड्यात हात उघडा राहिला नाही, मूठ झाली. चौथ्या आठवड्यात कमरेचा पट्टा निघाला. बघ्यांनी आपापल्या जागा ठरवून घेतल्या. खाटकाची भुवई फाटली, एका कानाला कमी ऐकू येऊ लागलं. तो तोंड धुवायचा आणि दुकान उघडायचा.

“रोज येतो, साहेब,” त्यानं एकदा उपासनेनंतर सांगितलं होतं.

“टिकून राहा, भाऊ. संपूर्ण मनानं,” पाळकसाहेब म्हणाले होते. विषय हाती लागल्यामुळे त्यांनी पुढचे चार रविवार संपूर्ण मनावरच काढले. चौथ्या रविवारी, म्हणजे कालच, त्यांनी पाप करायला लावणारा हात तोडून टाकण्याविषयीचं वचन वाचलं. आवाजही चांगला लागला होता.

आज एकेचाळिसावा दिवस. मेहुण्यानं मूठ उगारली आणि बायको मध्ये आली. मूठ तिच्या गालावर बसली. खाटकाचा उजवा हात कुणालाही न विचारता उठला. मेहुण्याचा जबडा मोडल्याचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला. त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, आणि खाटकानं पाळकसाहेबांना बोलावणं धाडलं.

“मारा आता,” खाटीक म्हणाला. “वाचलंत तुम्ही, तोडा पण तुम्हीच.”

“हे बघ, ते वचन असं शब्दशः घ्यायचं नसतं. तो... म्हणजे तो अलंकार आहे.”

खाटकानं हात तसाच ठेवून मान वर केली.

“मग गालाचं?”

पाळकसाहेबांनी सत्तूर छातीशी घेतला.

“नाही, रागानं नाही विचारत. माल ताजा आहे का, असं गिऱ्हाईक विचारतं ना, तसं विचारतोय.” त्याच्या सुजलेल्या पापणीखालचा डोळा पाळकसाहेबांवरून हलत नव्हता. “तोही अलंकार असेल, तर मी चाळीस दिवस नुसताच मार खाल्ला.”

बर्फाचं पाणी बायकोच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं. पाळकसाहेबांनी अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे त्यांचंच घर होतं. पहिल्या मजल्यावरची खिडकी बंद होती.

त्यांनी सत्तूर खाली ठेवला. मग कोटाची बाही मागे सारून आपला उजवा हात खाटकाच्या हाताशेजारी ठेवला. तो पांढरा होता आणि बोटाला शाई लागलेली होती.

“आधी हा तोड.”

“ह्यानं काय केलं?” खाटीक म्हणाला. “ह्यानं माशीसुद्धा मारली नसेल.”

“नाही मारली. तू मार खायचास ते मला त्या खिडकीतून दिसायचं. रोज नऊला. मी ह्या हातानं खिडकी लावून घ्यायचो.”

बायकोनं गालावरचा बर्फ खाली घेतला.

“मला वाटायचं, मटणाच्या वासामुळे लावता.”

“तेही असायचं थोडं,” पाळकसाहेब म्हणाले.

खाटकानं आपला हात ओंडक्यावरून उचलला आणि सत्तूर घेतला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द सापडत नसावेत. बाजारात जनावर पारखावं तसं खाटकानं अंगठ्यानं त्यांचं मनगट दाबून पाहिलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

“हाड ठिसूळ आहे, चुरा होईल,” तो शेवटी म्हणाला. “हे एका घावाचं काम नाही.”

त्यानं सत्तूर खिळ्याला अडकवला आणि फरशी धुवायला पाण्याची बादली आणली. दात तेवढा बायकोनं उचलून कागदात बांधून ठेवला. भाऊ होता शेवटी.

सहा आठवड्यांनी मेहुण्याच्या जबड्याची तार निघाली. दुसऱ्याच दिवशी नऊला तो तीन मित्रांसह दुकानाशी आला. समोरच्या घराची खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यात कुणीच नव्हतं. पाळकसाहेब रविवारचा कोट घालून साडेआठपासून दुकानातल्या स्टुलावर बसले होते.

“बाजूला व्हा, साहेब.” दात गेल्यापासून मेहुण्याच्या बोलण्यात शिट्टी वाजायची. “हे दाजींचं नि माझं आहे. घरातलं आहे.”

“हो ना. मी समोरच राहतो,” पाळकसाहेब म्हणाले आणि उठून दोघांच्या मध्ये उभे राहिले.

मित्रांपैकी एक हसला. मेहुण्यानं मूठ वळली. खाटकाचे दोन्ही तळहात ओंडक्यावर पालथे होते. बायकोनं पुढे होऊन त्या तळहातांवर आपले दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, काचा पुसल्या आणि तो खिशात ठेवला. मग मान थोडी मागे वळवून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

“आधी कुठला?”

“डावा,” खाटीक म्हणाला. “तो उजव्या हाताचा आहे. आणि जीभ दातांच्या आत ठेवा.”