नोएची नवी स्टिक

सकाळच्या सरावात नोएची स्टिक गेली. पात्याच्या गळ्याशी उभी चिरली, सुकलेल्या शेंगेसारखी. रात्रभर डोंगरावरून सोंदा उतरत होता. गरम, कोरडा वारा, ओठ फोडणारा. तो आला की लाकडाचीही तहान बाहेर पडते. आणि संध्याकाळी चाकांच्या बुटांवरच्या हॉकीचा सामना होता. त्यातूनच सान हुआन प्रांताच्या मुलींचा संघ निवडणार होते.

"बाबांना उठव ना," दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाल्यावर ती मला म्हणाली. "चिचोकाका दुकान उघडतो म्हणालाय."

माझी लेक सतरा वर्षांची. जमिनीवर चालायला आणि चाकांच्या बुटांवर पळायला ती जवळजवळ एकदमच शिकली. पण स्वतःची स्टिक तिनं आजवर कधी निवडलेली नाही. ते काम एवारिस्तोचं. माझा नवरा दुकानात शिरायचा, भिंतीशी लावलेल्या काठ्यांवरून नजर फिरवायचा, एखादी उचलायचा, एका बोटावर आडवी तोलायचा आणि डोळे मिटायचा. बोटावर पाखरू बसावं तशी ती काठी बसायची. मग म्हणायचा, "ही." का म्हणून विचारलं तर खांदे उडवायचा. "तिची आहे म्हणून." आणि ती तिचीच निघायची. नोए पहिला चेंडू मारायची तेव्हाच तिच्या तोंडावर कळायचं.

या हिवाळ्यापासून त्याचे हात कापतात.

घरात हे वाक्य कुणी बोलत नाही. कडू चहाचा घोट सांडला तर तो म्हणतो, येर्बाची पानं जास्त झाली. शर्टाचं बटण लागेना तर म्हणतो, काज लहान शिवलंय. मी काज मोठं करून देते.

नोएनं माझ्याकडे पाहिलं, मी नोएकडे. त्याला न्यावं तर भीती, आणि न न्यावं तर न बोललेलं सगळं त्याला तोंडावर सांगितल्यासारखं. मी आत गेले, त्याच्या पायाला हात लावून म्हणाले, "उठा, लेकीला स्टिक घ्यायचीय." तो असा उठला, जणू वाटच बघत पडला होता. केसांना पाणी लावलं. नवा शर्ट घातला.

दुपारची वेळ, सगळा रस्ता झोपलेला. कडेच्या पाटातलं पाणी तेवढं जागं होतं. चिचोनं दार अर्धं वर केलं. पायात सपाता, गालावर उशीची घडी. एकेकाळी तो आणि एवारिस्तो एकाच संघात खेळायचे.

"या, राजघराणं आलं! माझी झोप मोडलीस, म्हाताऱ्या. आज पोरीनं गोल नाही केले तर इकडे फिरकू नकोस."

"तुझ्या झोपेचं काय सांगतोस? गोलात उभा असतानाही झोपायचास."

"वहिनी, ऐकलंत? याच्याशी लग्न तरी कसं केलंत?"

"झोपेतच," मी म्हणाले.

तिघंही हसले. मला वाटलं, निभावेल.

चिचोनं चांगल्यातल्या चांगल्या काठ्या काढून मांडल्या. एवारिस्तोनं पहिली घेतली, बोटावर ठेवली. ती डुगडुगली आणि घसरली. त्यानं पटकन दुसऱ्या हातानं सावरली.

"पातं जड आहे."

दुसरी घेतली. "लाकूड ओलं आहे."

"ओलं?" चिचो म्हणाला, "अरे, या सोंद्यात..." आणि माझा चेहरा पाहून त्यानं वाक्य गिळलं. "असेल बाबा. आजकाल कसलंही लाकूड पाठवतात."

तिसरीत आत कुठं तरी गाठ होती. चौथीची मूठ बरोबर तासलेली नव्हती. दर वेळी नोए हात पुढे करायची आणि तो काठी भिंतीशी परत ठेवायचा, मग ती हात मागं घ्यायची. लहानपणी खाऊ मागताना करायची तसा तो हात, फक्त आता मोठा झालेला, बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेला.

"बाबा, ती फिकट रंगाची बघ ना," ती हळूच म्हणाली.

त्यानं फिकट घेतली. बोटावर आडवी धरली, श्वास रोखला. काठीची दोन्ही टोकं थरथरायला लागली, वेलीचा शेंडा थरथरावा तशी.

"थांबा," तो म्हणाला. "हलतंय."

आमच्या गावात 'हलतंय' म्हटलं की माणूस पाय उचलायच्या आधी मान वर करतो. पोटातून शिकून आल्यासारखं करतो. आम्ही चौघांनी वर पाहिलं. दुकानाच्या मधोमध लांब तारेला दिवा टांगलेला होता. भूकंपाचा लहानसा धक्का असो की मोठा, आधी तोच सांगतो.

दिवा स्वस्थ होता. त्याच्यावरची धूळसुद्धा स्वस्थ होती.

मग चिचो म्हणाला, "हो रे. मलाही जाणवलं. बारीकसा होता."

"मला पण," नोए म्हणाली. "पायाखाली, बाबा."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

एवारिस्तोनं काठी फळीवर ठेवली, तळहात तिच्याशेजारी टेकवला. "जाऊ दे. थांबू दे जरा." आम्ही थांबलो. चिचोनं खाकरून घसा साफ केला. नोए बुटाच्या टोकानं फरशी घासत होती. माझी आई मला निजवताना म्हणायची ते माझ्या मनात आपोआप चालू झालं:

हलू नको गं भुई, लेकरू माझं निजलं,
आताच कुठं दिव्याचं झुलणं गं थिजलं.

भुईला विनवायचं तर तिला कान असावे लागतात. इथं भुई बिचारी गप्पच होती. विनवू कुणाला?

"गेला?" त्यानं विचारलं.

"गेला," चिचो म्हणाला.

त्यानं पुन्हा ती फिकट काठी उचलली. या वेळी दोन बोटांवर धरली. ती पुन्हा थरथरली, पहिल्यापेक्षा जास्त.

"परत आला," एवारिस्तो म्हणाला.

"परत आला," आम्ही तिघं म्हणालो, देवळात एका सुरात म्हणतात तसं.

पण या खेपेला त्यानं वर पाहिलंच नाही. आमच्याकडे पाहिलं. आधी चिचोकडे, मग माझ्याकडे, आणि नोएवर नजर थांबली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, अशी हसत होती की बघवेना. मग त्यानं मान वर केली. शांतपणे, बराच वेळ तो त्या दिव्याकडे बघत राहिला.

काठी त्यानं निजलेल्या मुलाला ठेवावं तशी खाली ठेवली. हात खिशात घातले.

"नोए, तूच घे."

"मला नाही येत, बाबा."

"येईल. घे."

तिनं एक उचलली. दुसरी उचलली. त्यानं केलं तसं बोटावर तोलून पाहिलं. तिच्या बोटावर सगळ्याच स्थिर बसत होत्या आणि एकही तिला काही सांगत नव्हती. ती वळून त्याच्याकडे बघे. तो दाराबाहेर पाटाचं पाणी बघत होता. शेवटी तिनं एक छातीशी धरली.

"ही चांगली आहे का? एकदा हातात घेऊन बघ ना. एकदाच."

"आज नको," तो म्हणाला. "आज जमीन बरी नाही."

आमचंच खोटं त्यानं आम्हाला परत दिलं, आणि ते आता कुणालाच मागं घेता येईना. चिचो उगाच दिव्याची धूळ पुसायला स्टूल शोधू लागला.

संध्याकाळी नोए क्लबात शिरली, तिच्यामागे तिचा संघ गेला. एवारिस्तो म्हणाला, आत फार उकडतं, आपण इथंच बसू. आम्ही क्लबच्या पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून बाकावर बसलो. आत चाकं घरघरत होती, लोक ओरडत होते, मध्येच चेंडू लाकडावर वाजत होता. तो डोळे मिटून ऐकत होता. कितीतरी वेळ ऐकत होता.

"जड घेतली गं पोरीनं," तो म्हणाला.

"आवाजावरून कळतं?"

"मनगट मागं राहतंय तिचं. ऐक... हा. चेंडू निघून गेल्यावर काठी येतेय."

मला सगळे आवाज सारखेच येत होते. "मग मध्यंतरात जाऊन सांगा तिला."

"काय सांगू? दुसरी आहे कुठं तिच्याकडे?"

आतून मोठा आरडाओरडा झाला. कुणाच्या बाजूचा होता ते पत्र्यातून कळेना. मी उठायला लागले तर त्यानं खिशातून हात काढून माझा हात धरला. दोन्ही हात मिळून हलू लागले, माझाही, आणि मी सोडवला नाही. आत चेंडू परत वाजला, तसाच, जड.