गुंजनच्या मुठीतला वरवंटा

मी वरवंटा. कामठ्यात श्यामलालच्या घरी राहतो. बोलायची मला सवय नाही, पण यंदा एका हाताने मला असं काही धरलं, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमगावच्या मंडईत पाथरवटाने मला आणि माझ्या पाट्याला शेजारी मांडलं होतं. श्यामलालच्या आईने मला उचलून तोललं, "हा बसते हातात" म्हणाली, आणि बैलबंडीत गवतावर ठेवून घरी आणलं. पुढे तिची सून नंदाबाई आली. तिच्या हाताखाली मी मिरची वाटली, जवस वाटला, ओली हळद वाटली. हळदीनंतर आठवडाभर मी पिवळाच असायचो.

मग मिक्सर आला. मला कोणी फेकलं नाही. माणसं जुनी वस्तू फेकत नाहीत, "राहू दे, लागन कधी" म्हणून ठेवून देतात आणि मग तिच्याकडे बघत नाहीत. पाटा न्हाणीत कपडे धुवायला गेला. मी अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवर, झाकण उडू नये म्हणून. अकरा वर्षं मी तेवढंच काम केलं.

गुंजन ही घरची एकुलती लेक. नागपूरच्या एका हॉटेलात स्वयंपाक करायची. मागच्या हिवाळ्यात उकळतं तेल तिच्या उजव्या हातावर सांडलं. जखम भरली, पण कातडी आखडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेना. बाकीची अर्धवट मिटायची. घरी आल्यावर ती डाव्या हाताने जेवायची, आणि कोणी आलं की ताट उचलून आत जायची. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. चार दिवसांत तो खाटेखाली गेला.

उन्हाळ्यात सरबतासाठी सब्जा आणला होता. त्यातलं चिमूटभर बी तिने न्हाणीच्या सांडपाण्यावर सहज टाकलं. पावसाळा सरेपर्यंत तिथे कमरेएवढी झाडं उभी राहिली. पानाला हात लागला तरी अंगणभर वास सुटायचा.

धान पोटरीत आलं त्या सुमाराला तिला हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याचा, चंद्रकुमारचा, फोन आला. ती ड्रमला टेकूनच उभी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दिवाळीपर्यंत तुझी जागा ठेवतो, गुंजन. त्याच्यापुढे मालक ऐकणार नाही. तुझ्या हातचा पेस्टो लोक अजून विचारतात."

"हात तसाच आहे, सर."

"दिवाळीपर्यंत बघ."

फोन ठेवून ती सब्जाच्या झाडांकडे बघत राहिली. पेस्टो म्हणजे याच जातीची पानं वाटून केलेली परदेशी चटणी. मग तिने उजवा हात पुढे केला आणि मला उचललं.

मी सुटलो. खाली दगडावर आपटलो, एका टोकाचा टवका उडाला. तिने पुन्हा उचललं. पुन्हा सुटलो. तिसऱ्यांदा मला छातीशी धरून ती न्हाणीतल्या पाट्यापर्यंत गेली आणि आम्हा दोघांना घासून धुतलं.

हॉटेलात पेस्टोत चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, घालतात. इथे ते कुठून येणार? सौंदडकडच्या जंगलातून चमेली नावाची बाई चारोळी विकायला आणायची, ती गुंजनने वापरली. आधी लसूण आणि मीठ, मग चारोळी, मग सब्जाची पानं, शेवटी तेलाची धार आणि किसलेलं चीज. रीत तिला पाठ होती. हाताला मात्र ती येईना. मी वेडावाकडा घसरायचो, पानं चेंगरून काळी पडायची. पहिल्या दिवशीचा तो कडू गोळा तिने भाकरीला लावून एकटीनेच संपवला.

चौथ्या दिवशी तिने लुगड्याच्या चिंधीने आपली बोटं माझ्याभोवती करकचून बांधली. नंदाबाई धावतच आली.

"काऊन बांधून राहिली व हात?"

"सुटते तो. सुटू नाही द्यायचा मले."

तेवढ्यात नंदाबाईच्या नाकात वास गेला. "अन् हे काय? तुळस? देवाची तुळस लसनासंगं वाटून राहिली?"

"तुळस तिकडे वृंदावनात आहे, आई. हा सब्जा होय. याचं बी तूच टाकते ना सरबतात?"

"वास तं तुळशीवानीच येते. मले नको सांगू."

दोन दिवस नंदाबाई पाट्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी छन्नी-हातोडी घेऊन आली, लेकीकडे न बघता पाट्यासमोर बसली आणि टाकी लावून तो खरबरीत करू लागली. टक् टक् टक्. दगडाचे कण उडत होते.

"गुळगुळीत पाट्यावर पाला घसरते," ती म्हणाली. "जोर वाया जाते तुवा."

त्या दिवसापासून पानं घसरली नाहीत. गुंजन रोज सकाळी बसायची. कधी कातडी चिरायची, माझ्या अंगावर रक्त लागायचं. ती हात धुवायची, फडकं गुंडाळायची आणि पुन्हा बसायची. मला तिचा पंजा आतून कळत होता. आधी अंगठा घट्ट झाला, मग पहिलं बोट, मग मधलं. एका सकाळी चिंधी आपोआप ढिली झाली, आणि तरी मी सुटलो नाही. गुंजनने चिंधी सोडून बाजूला ठेवली. ओरडली नाही, हसली नाही. पुढची पानं घेतली.

तो पेस्टो हिरवागार झाला. तिने तो गरम भातावर घालून बापाला वाढला. श्यामलाल बांधावरून थेट जेवायला बसला होता.

"हे भाजी होय का चटणी?"

"पेस्टो, बाबा."

त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि ताट पुढे सरकवलं. "जे होय ते. अजून वाढ."

दिवाळीला आठ दिवस असताना गुंजनने स्वतःच नागपूरला फोन लावला.

"सर, दोन बोटं मिटत नाहीत. ती मिटणारही नाहीत. तीन मिटतात, आणि तेवढ्यांनी काम होतं. येऊ का?"

पलीकडून आवाज आला, "सोमवारी ये."

सोमवारी ती गेली. डबा, कपडे आणि सब्जाच्या बियांची एक पुडी घेऊन. मला नेलं नाही. माझं वजन प्रवासाचं नाही, आणि पाट्याला सोडून मी जाणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी नंदाबाईने मला हातात घेतलं. इतक्या वर्षांनी. तिने दारातूनच त्या झाडांकडे पाहिलं, आत जाऊन लसूण सोलला, आणि चारच पानं तोडून आणून वाटली. उरलेली लेक येईल तेव्हासाठी असावीत.

आता मी चुलीजवळ असतो. टवका उडालेलं टोक भिंतीकडे करून मला उभं ठेवतात. तुमच्याही घरी ड्रमवर, दाराआड, न्हाणीत माझा कोणी भाऊबंद पडला असेल. त्याला एकदा उचला. हात दुखरा आहे, अर्धा आहे, म्हणून लाजू नका. आम्हाला पुरी बोटं लागत नाहीत. न सोडणारा हात लागतो.