झऱ्याकडे पाडलेली वाट

मी मोजणी खात्यात नकाशे काढते. आमच्या डोंगरातून शिकून खुर्चीवर बसलेली मी पहिलीच, म्हणून गावात सगळे मला ‘नकाशेवाली’ म्हणतात. आत्या म्हणते तेव्हा त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त असतो.

आत्या झऱ्याची राखणदार. माथ्याखालच्या त्या एका झऱ्यावर खालच्या सात वस्त्या जगतात. त्यातला पालापाचोळा काढायला रोज कुणीतरी वर जातं, पण एकाच जागी दोनदा पाऊल टाकायचं नाही. आज या दगडावरून, उद्या त्या मुळीवरून. वाट पडली की माती दबते, पाणी मुरायचं सोडून वाटेनं धावत सुटतं आणि झरा उपाशी राहतो. हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं जातायत आणि माग म्हणून दिसत नाही.

तिथेच घात झाला. एका सकाळी साहेबांनी माझ्या टेबलावर आमचाच डोंगर पसरला. कोपऱ्यात शेरा होता, ‘बिनवापराची जमीन’. दगडाच्या खाणीला द्यायची, हरकतीला महिनाभर मुदत.

“साहेब, तिथे झरा आहे. रोज माणसं जातात.”

“मग वाट कुठाय, बाई? माणूस जातो तिथे वाट पडतेच. वाट दाखवा, शेरा खोडतो.”

साहेब वाईट नव्हते. उतावळी मीच. त्याच दिवशी गावाच्या नावानं हरकत नोंदवली, रजा टाकून घरी गेले आणि सगळ्यांना अंगणात जमवून सांगितलं, उद्यापासून तिघं-तिघं मिळून एकाच रेषेत चाला, वाट ठसठशीत दिसली पाहिजे.

आत्या ताडकन उठली. “झरा वाचवायला झऱ्याचाच गळा धरतेस?”

“आत्या, कागदावर दिसत नाही ते त्यांच्या लेखी नसतंच.”

“कागदाला डोळे नाहीत म्हणून आपले फोडून घ्यायचे?”

लोक हसले, पण ऐकलं माझंच. शिकलेली पोर सांगतेय म्हटल्यावर म्हातारीला कोण विचारतो? चाळीस जण रोज सकाळ-संध्याकाळ खालीवर करू लागले. पहिल्या आठवड्यात गवत आडवं झालं, दुसऱ्यात माती उघडी पडली. मग झऱ्यावर येणारी हरणं यायची थांबली. तिसऱ्या आठवड्यात एक सर आली आणि वाटेवरून लाल पाणी धो धो खाली गेलं. मी कामावर परतले होते, आत्यानं हे फोनवर सांगितलं. तरी मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढ.

पाहणीला साहेब आले, सोबत खाणीचा इंजिनिअर. साहेबांनी वाट पाहिली, मान डोलावली आणि फायलीतून एक फोटो काढला. दोन महिन्यांपूर्वी विमानातून घेतलेला.

“यात वाट नाही, बाई. ही नवी आहे. खोटा पुरावा म्हणून हरकत फेटाळावी लागेल.”

“तुम्हीच म्हणालात, वाट दाखवा!”

“असलेली दाखवा म्हटलं होतं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. आणि मी? रोज असलेच फोटो समोर ठेवून नकाशे काढणारी मी, माझ्या अकलेला तेवढंही सुचलं नव्हतं.

इंजिनिअर मात्र वाटेवर टाच आपटून पाहत होता. माती पक्की बसली होती. “वा! मशीन वर कसं न्यायचं याचाच घोर होता. तुमच्या लोकांनी आयतंच काम करून ठेवलं.” त्यानं आत्याला हात जोडून आभारही मानले.

चौथ्या दिवशी मशीन आल्याची हाक उठली. झऱ्याभोवती बसून राहायचं ठरलं होतं. सगळे धावत निघाले, आणि निघाले त्याच वाटेनं. मीही. तीन आठवड्यांत गावाच्या पायांना दुसरं काही आठवेनासं झालं होतं. आत्या तेवढी दगडांवरून एकटीच गेली.

वर पोचलो तेव्हा ती वाकून ओंजळ भरत होती. ओंजळीत गाळ आला.

“आत्या, माझं चुकलं गं.” मला रडू आवरेना.

तिनं ओंजळ रिकामी केली, हात पदराला पुसले. “रडायचं नंतर. आधी बस.”

मी तिला चिकटून बसले. खालून मशीन चढत होतं, कुठेही न अडखळता.