सायकलींच्या पट्ट्यावरची फळी

रास्माता काफांदो ही आमच्या वागाडुगू शहरातली तिसरीच्या वर्गाची बाई. तिचा एक विद्यार्थी मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हापासून तीन वर्षं तिनं नगरपालिकेचे उंबरे झिजवले. शेवटी रस्त्याकडेच्या गटारावर लाद्या टाकून सायकलींसाठी वेगळा पट्टा तयार झाला.

तिथला गवंडी तोए हा सामो जमातीचा, रास्माता मोसी. आमच्याकडे या दोन जमातींत थट्टेचं नातं असतं. एकमेकांना दास, कुत्रेखाऊ, वाटेल ते म्हणावं. रागावणारा मूर्ख, खरं मानणारा त्याहून मूर्ख.

"आलीस का गं माझे दासी?" तोए रोज म्हणायचा. "तुझ्यासाठी गटारात मगर सोडलीय."

"तूच खा ती. कुत्र्याच्या मुंड्या खाऊन कंटाळला असशील."

उद्घाटनाच्या सकाळपर्यंत शेवटच्या चार लाद्या आल्याच नव्हत्या. महापौर येणार, म्हणून ठेकेदारानं तिथं फळी टाकून वर लाल रंग फासला. रास्माता चाळीस मुलं सायकलींसह घेऊन आली. आठवडाभर मैदानात तिनं एकच गोष्ट घोटून घेतली होती: ओळ मोडायची नाही, बाईंचं चाक जाईल तिथूनच आपलं न्यायचं.

तोए आडवा आला. "थांब. पुढं गटार उघडं आहे. नुसती फळी आहे ती."

"आणि खाली मगर!" मुलं खिदळली.

"थट्टा नाही गं. आईशप्पथ."

"कालही आईचीच घेतली होतीस. किती आया आहेत रे तुला? हो बाजूला, कुत्रेखाऊ!"

त्यानं तिचं हँडल धरलं. "नको जाऊस. ऐक माझं."

"चावा रे याला!" ती मुलांना म्हणाली, आणि त्यांनी एकच गलका केला.

"तोए, काम हवंय ना उद्यापासून?" ठेकेदार लांबून ओरडला. तोएनं हँडल सोडलं.

फळी तिच्याखाली वाकली, पण टिकली. पलीकडून तिनं हात केला, "या!" दोन मुलं गेली. तिसरी अलिमाता, नऊ वर्षांची. फळी मोडली. खाली उघड्या सळया होत्या. मागची दोन मुलं थांबली नाहीत. शिकवल्याप्रमाणे ती तिच्याच मागून गटारात गेली.

त्या दोघांना जिवंत काढलं.

पोलीस आले तेव्हा अलिमाताचा बाप तिथंच उभा होता. त्यानंच तोएला विचारलं, "बाईंना सांगितलं होतंस?"

"सांगितलं."

"कितीदा?"



"तीनदा," रास्माता म्हणाली. "मी हसले."

पोलिसानं तेवढंच लिहून घेतलं. फळी कुणी टाकली, हे कुणी विचारलं नाही. ठेकेदारानं तोएच्या पाठीवर थाप मारली.

रास्माताची नोकरी गेली. आठवड्यात लाद्या बसल्या. पट्टा आता पक्का आहे, ट्रॅक्टर नेला तरी हलणार नाही. पण मुलांना त्यावर कुणी पाठवत नाही. ती पुन्हा ट्रकांमधून वाट काढत शाळेत जातात.

"ट्रक निदान दिसतो तरी," आया म्हणतात.

सुट्टी लागेपर्यंत आणखी दोघं ट्रकखाली गेली.