दोन बोटं

संग्रहालयाच्या साहेबाने चित्रावरचा कपडा ओढला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंपीणबाईने मात्र दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. चित्र तिच्या बापाने काढलेलं होतं.

युद्धाआधी बाप डोंगर, ओढे काढायचा. युद्ध पेटलं तसं लष्कराने त्याला उचललं. समोरची दरी हुबेहूब काढायची, त्यावरून गोळंदाज बोटांनी माप घेऊन नेम धरणार. शत्रूची तोफ एका एकट्या झाडापासून दोन बोटं डावीकडे होती. पण चित्राचा तोल बिघडतोय म्हणून या महाशयांनी झाड आणखी दोन बोटं उजवीकडे सरकवलं! अरे, लोकांचे जीव टांगणीला लागलेत आणि तुला तोल सुचतोय?

गोळंदाजांनी चित्राप्रमाणे खऱ्या झाडापासून डावीकडे चार बोटं मोजली. तिथे आपलंच गाव होतं. गोळे पडले पावाच्या दुकानापुढच्या रांगेत. भिंतीवर आतडी, गटारात पाव आणि रक्त. त्याच्या सहा वर्षांच्या लेकीने आईचा हात धरला होता. धूर ओसरला तेव्हा मुठीत हात होता, आई नव्हती.

सगळे म्हणाले, शत्रूचं काम. बापही गप्प बसला. एका दुपारी मात्र त्याने कुऱ्हाड घेतली आणि ओंडक्यावर स्वतःची दोन बोटं छाटली. का, ते मरताना सांगितलं.

"झाड मी हलवलं गं, बाळ."

ती तशीच उठून बाहेर गेली. बाप एकटाच मेला.

चित्राखाली खरं काय ते लिहा, एवढंच तिचं मागणं होतं. साहेबाने "बघू, बघू" करत वाटाण्याच्या अक्षता लावल्या. आता तर तो भलताच रंगात आला होता.

"हे झाड पाहा! जरा डावीकडे असतं तर चित्रच कोसळलं असतं."

तिचं डोकं फिरलं. पिशवीतली कात्री काढून ती धावली. पहारेकऱ्याने दंड पकडला, तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. चर्रकन कॅनव्हास फाटला. झाड कापून काढून तिने ते दोन बोटं डावीकडे, होतं तिथे, दाबून धरलं. पहारेकऱ्याने हात पिरगाळला, कात्री तळव्यात घुसली, झाडावर रक्त सांडलं.

"अहो बाई, वडिलांचं चित्र होतं ते तुमच्या!" साहेब किंचाळला.

"आणि रांगेत आई माझी होती!"