दुधाची गाठ

इंदुताई इतकी थकली होती की आता थकव्याचंही काही वाटत नव्हतं. कुरखेड्याजवळच्या गावाहून पहाटेची एसटी धरून चंद्रपूरला यायचं, ही या महिन्यातली चौथी खेप. बारा वर्षं ती गावाची आशाताई म्हणून फिरली, बाळंतपणं, लसी, वजनं सगळं केलं, पण कॅन्सरच्या दवाखान्याचा बाक कधी नशिबी आला नव्हता. शेजारी रीता बसली होती. अठ्ठावीस वर्षांची पोर, डाव्या छातीत गाठ. रीताची चार महिन्यांची मुलगी मात्र इंदुताईच्या मांडीवर होती, कारण आई तिला घेतच नव्हती.

घेत नव्हती म्हणजे बोटही लावत नव्हती. रिपोर्ट आला तेव्हापासून, तीन आठवडे. सासू बायनाबाई अंगणात बसून शेजारणींना ऐकवायची, "पोटात होती तवापासून मायले खाऊन राह्यली हे पोरगी." तोंडाला काही लगामच नाही!

पण रीताच्या मनात ते घट्ट बसलं, त्याला कारण गोळ्या. दोनदा तिचा गर्भ पडला होता. तिसऱ्या वेळी डॉक्टरनं गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि वडशाहून त्या आणून देणारी इंदुताईच. रीताचं म्हणणं सरळ होतं. पोरीसाठी गोळ्या घेतल्या, गोळ्यांनी गाठ झाली. आज ती एवढंच विचारायला आली होती.

आत बोलावल्यावर डॉक्टर नंदिनी मॅडमनी कागद उलटवले. "त्या गोळ्यांनी गाठ झाली असं म्हणायला काही पुरावा नाही, रीता. शिवाय तुझ्या गाठीत प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर सापडला नाही. रिसेप्टर म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारा. तो घेणाराच तिथं नाही."

"मंग गोळ्यांचा काईच संबंध नाई? शंभर टक्के?"

दुसरी एखादी डॉक्टर 'हो' म्हणून मोकळी झाली असती. पण या बाईला खरं बोलायची खोड!

"शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. आपली तपासणी पेशीच्या आतले रिसेप्टर बघते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर वेगळ्या जातीचे असतात. ते गर्भाशयात असतात, वारेत असतात, गर्भ टिकण्यात त्यांचाही हात असावा. छातीच्या गाठींतही सापडलेत. तिथं ते गाठ वाढवतात की आवरतात, ते अजून शोधतायत. आपण घरात पाहिलं. ओसरीवर कोण बसलंय, ते या तपासणीत दिसत नाही."

"असन मंग ओसरीवर बसलेलं कोणी," रीता म्हणाली, आणि तिनं पोरीकडे असं पाहिलं की इंदुताईनं पोरीला पदराआड घेतलं.

मॅडमनी फॉर्म पुढं ओढला. "गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?"

"डिलिवरीनंतर. महिन्याभरानं."

रीता खोटं बोलत नव्हती. तिला तेच खरं वाटत होतं. सातव्या महिन्यात ती इंदुताईकडे आली होती, पदर सारून म्हणाली होती, "हे काय लागते, ताई?" इंदुताईनं चाचपून पाहिलं, चण्याएवढी होती. "दुधाची गाठ हाये वो," ती हसून म्हणाली होती, "छाती भरून राह्यली. गरम फडक्यानं शेक." इंदुताईच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं, तिनं गावातल्या कितीतरी पोरींना हेच सांगितलं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही निघालं होतं. रीतानं शेकलं आणि विसरून गेली.

इंदुताई विसरली नव्हती. रिपोर्ट आल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. बोललं तर उद्या गावात तिच्यासाठी दार कोण उघडेल? बारा वर्षांची इज्जत मातीत. नाही बोललं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. फक्त ही मांडीवरची जन्मभर ऐकून घेईल. आणि मेलं हे ओझं तरी किती दिवस ओढायचं!

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात लागली होती. तिनं मले दाखवली होती. मीच म्हटलं दुधाची हाये. दवाखान्यात पाठवलं नाई."

मॅडमनी फॉर्मवर 'सातवा महिना' लिहिलं. "तेव्हा आली असती तर लहान असताना सापडली असती," त्या सावकाश म्हणाल्या. "उपचार सोपे गेले असते. आताही करू, पण जड जातील."

रीता इंदुताईकडे वळली. "मले तर आठवतच नव्हतं."

"मले आठवत होतं. रोज आठवत होतं. पोरीचा काई दोष नाई, रीता. रागवाचं तर माह्यावर रागव."

रीता रागावलीच. खुर्चीवरून उठली आणि इंदुताईच्या मांडीवरून तिनं पोरीला असं हिसकून घेतलं की पोरगी दचकून रडायला लागली. "तुमच्या हातात नोको माही पोरगी," ती म्हणाली, आणि पोरीला खांद्याशी धरून थोपटत बाहेर गेली.

परतीच्या बसमध्ये रीता पुढं बसली, पोरीला उजव्या बाजूला धरून. इंदुताई तीन सीट मागं. मूलचा स्टँड गेला, नागभीड गेलं. ती रडत होती, पदरानं तोंड पुसत होती, आणि शेजारचा म्हातारा मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता. ब्रह्मपुरीच्या अलीकडे पोरगी भुकेनं रडू लागली. दुधाची बाटली इंदुताईच्या पिशवीत होती. तिनं ती पुढच्या बाईच्या हाती दिली, त्या बाईनं आणखी पुढं दिली. रीतानं बाटली घेतली, पोरीच्या तोंडाला लावली, पण मागं वळून पाहिलं नाही.