विनिफ्रेडचं पान

पंचवीस डिसेंबरला सकाळी ओरेस्ट ह्रित्साक उठला, कॉफी प्यायला, टोपी कानांवर ओढली आणि बर्फावर दगड घसरवत खेळायच्या कर्लिंगच्या हॉलकडे निघाला. लॉर्ना दारात आडवी आली.

"अरे, आज नाताळ आहे!"

"आपला सात जानेवारीला," तो म्हणाला. गाडीच्या इंजिनाला रात्रभर ऊब देणारी विजेची तार त्याने भिंतीतून उपटली आणि तो गेला.

आपला म्हणे! लग्नाला उणेपुरे पाच महिने झालेले. त्या पाच महिन्यांत 'आपलं' म्हणून तिच्या वाट्याला काय आलं होतं, तर वारा, उणे तीस आणि खिडकीतून दिसणारा धान्याच्या कोठाराचा लाल मनोरा. तिचा मुलूख म्हणजे दूर पूर्वेचा, समुद्रकाठचा नोव्हा स्कोशिया. पुढे नोकरीपायी ती विनिपेगला टायपिस्ट म्हणून आली, तिथे कोठाराच्या कामासाठी येणाऱ्या ओरेस्टशी ओळख झाली आणि सदतिसाव्या वर्षी लग्न करून ती या डोलिना गावात येऊन पडली. डोलिनात नजर अडेल असं काही नाही, दार ठोठावायची पद्धत नाही आणि निम्मं गाव युक्रेनियन, जुन्या पंचांगाने चालणारं. घरात ओरेस्ट आणि त्याची आई पारास्का. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत.

तसं लॉर्नाला हे सगळं चाललं असतं. वाऱ्याशी कोण भांडतं? पण ऑक्टोबरात जे झालं ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

ऑक्टोबरात तिची आई गेली. भावाचा फोन आला तेव्हा कापणी ऐन भरात होती आणि कोठारावर ट्रकची रांग लागलेली. पारास्का चर्चच्या हॉलवर कापणीवाल्यांसाठी रांधत होती. ओरेस्टने लॉर्नाला सॅस्कॅटूनच्या स्टेशनवर सोडलं. "मला हलता येत नाही गं," तो म्हणाला. "तू हो पुढे. इकडच्यांना मी सांगतो सगळं." नऊ दिवसांनी ती परत आली. दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच पारास्का म्हणाली, "आलीस? कोबी चिरायचाय."

एवढंच. आईबद्दल एक शब्द नाही! दुसऱ्या दिवशी पोस्टात ओल्याना नावाची शेजारीण पत्रं देताना म्हणाली, "झालं भटकून?" लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्या गावी कुणाकडे मयत झालं, तर तीन दिवस त्या घरचा ओटा दिसत नसे, इतकी भांडी शेजारपाजारची येत. आणि इथे? बरं, ही माणसं मुळात कोरडी असती तर गोष्ट वेगळी. पण गावातल्या दिमित्रोची गाय मेली तेव्हा त्याच्या घरी चार जणी सूप घेऊन गेलेल्या तिने स्वतः पाहिल्या होत्या. म्हणजे गाईला सूप आणि माझ्या आईला कोबी!

तीही हट्टी. सांत्वन काय मागून घ्यायचं असतं? मूग गिळून बसली. रात्री पाठ करून झोपायची. ओरेस्टला वाटलं, हवामान मानवत नसेल.

तर पंचवीसची ती सकाळ अशी गेली, आणि त्याच दुपारी तिने भावाला पत्र लिहिलं: 'आईची खोली कुणाला देऊ नकोस. यांच्या नाताळचं मोठं जेवण आदल्या संध्याकाळी, सहा तारखेला असतं. ते मी माझ्या हातांनी करून बघते. तेव्हाही मी या घरात परकीच राहिले, तर आठ तारखेच्या गाडीने येते.' पत्र टाकलं आणि बाह्या सरसावल्या. आईविना पहिला नाताळ असा मोकळा गेला, दुसरा तसा जाऊ द्यायचा नाही.

सहा जानेवारीच्या जेवणाला बारा पदार्थ लागतात, हे तिला ठाऊक होतं. ओरेस्टला विचारलं, "काय काय करायचं, नीट सांग ना." तो म्हणाला, "नेहमीचंच." तोंड उघडायला या माणसाला काय सरकारी परवाना लागत होता? शेवटी तिने पारास्काला चर्चच्या हॉलवर करताना पाहिलं होतं ते आठवून कणीक मळली, बटाटे उकडले, आणि करंजीसारख्या मुरड घातलेल्या पिरोही करायला घेतल्या. दोन दिवस ती तेच करत होती. दोनशे चाळीस झाल्या. पाठीचा कणा जागेवर राहिला नाही. चवीला म्हणून ओरेस्टला चार उकडून दिल्या. त्याने चारही खाल्ल्या, मान हलवली, "छान" म्हणाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. तिने पिरोही परातीत मांडून मागच्या पडवीत ठेवल्या, तिथे आपोआप गोठतात.

सहा तारखेला सकाळी पडवीत गेली तर परात रिकामी!

स्वयंपाकघरात पारास्का पीठभरल्या हातांनी उभी. टेबलावर नव्या पिरोहींच्या रांगा. पहाटे चारला उठून म्हातारीने सगळा घाट पुन्हा घातला होता.

"माझ्या कुठायत?" लॉर्नाने विचारलं.

"फ्रीजरमध्ये. नंतर खाऊ."

"नंतर का? काय वाईट होतं त्यात?"

"लोणी होतं," पारास्का म्हणाली. "चीज होतं. आजच्या जेवणात दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मांस नाही. आज उपास."

"मग मला सांगायचं होतं ना!"

"यात सांगायचं काय? पाळण्यातल्या पोराला कळतं."

"मी तुमच्या पाळण्यात नव्हते!" लॉर्ना ओरडली. "दोन दिवस तुमच्या डोळ्यांसमोर लोणी घालतेय मी, आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी हॉलवर होते दोन दिवस. काल रात्री एक चाखली तेव्हा कळलं. आणि ओरेस्ट होता की घरात. तो बोलला असता."

दोघींनी ओरेस्टकडे पाहिलं. तो दारात बूट घालत होता.

"तुला माहीत होतं?" लॉर्ना म्हणाली. "चार खाल्ल्यास तू!"

"चांगल्या होत्या," तो म्हणाला. "तू एवढी खपली होतीस. म्हटलं, उगाच मन कशाला मोडा."

"आणि आत्ता काय केलंस?"

"मी जरा कोठारावर जाऊन येतो," ओरेस्ट म्हणाला आणि सटकला.

त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात भांड्यांचा जो आवाज झाला, तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल. दोन बायका पाठीला पाठ लावून काम करत होत्या. लॉर्ना ठरवून बसली होती, आता उद्याच बॅग भरायची. तरीही ती कांदे चिरत राहिली, कारण हातातलं काम अर्धं टाकायची सवय तिला नव्हती. पारास्काने गहू शिजवून त्यात मध-खसखस कालवली, बिटाचं सूप उकळलं, या उपासाला चालणारा हेरिंग मासा तेलात घातला. मधूनच म्हणाली, "कोबीची पानं अशी घट्ट गुंडाळतात होय? फुटतील." लॉर्ना म्हणाली, "फुटू देत." म्हातारीने तिच्याकडे तिरकं पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा टोकलं नाही.

साडेपाचच्या सुमाराला पहिला तारा दिसला. ओरेस्ट गवताची पेंडी घेऊन आत आला. टेबलावर गवत पसरून वर पांढरी चादर घातली. मध्ये पाव, पावात मेणबत्ती. पारास्काने पानं मांडली. लॉर्नाने मोजली. माणसं तीन, पानं चार.

"कुणी येणारे का?" तिने विचारलं.

"आपले गेलेले," पारास्का म्हणाली. "आज ते जेवायला येतात."

तिने मेणबत्ती पेटवली, डोळे मिटले आणि एकेक नाव घ्यायला लागली. नवरा मिकोला. नऊ महिन्यांची होऊन गेलेली मुलगी येवदोकिया. बहीण. सासरा. कुणी एक चुलता, तो तर म्हणे जहाजातच वारला होता. प्रत्येक नावानंतर ती म्हणायची, "ये, जेवायला बैस." ओरेस्ट मान खाली घालून "ये" म्हणायचा. चौथ्या पानात प्रत्येक नावाला ती गव्हाचा एक चमचा वाढत होती.

लॉर्ना ऐकत राहिली. नवं नाव आलं की तिला वाटायचं, आता घेतील. आता तरी. साठ वर्षांपूर्वी बोटीवर मेलेल्या चुलत्याला बोलावणं आहे, तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईला असेलच की. पारास्काने शेवटचं नाव घेतलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि चमचा खाली ठेवला.

"झालं?" लॉर्ना म्हणाली.

"झालं. जेव."

"आणि माझी आई?"

ओरेस्टने तिच्या दंडाला हात लावला. तिने तो झटकला, तशी सुपाची वाटी हिंदकळून चादरीवर लाल डाग पडला.

"माझी आई काय रस्त्यावर पडली होती? कुत्र्याला म्हणतात ना, तसं 'अरेरे' तरी म्हणायचं होतं! ऑक्टोबरात तिला पुरून आले मी, आणि तुम्ही मला कोबी चिरायला लावलात! तुम्ही, ती ओल्याना, तो तुमचा फादर, एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. गाईला सूप नेता तुम्ही, गाईला! मी परवाच्या गाडीने चाललेय. तुमची पानं तुम्हीच मांडा."

पारास्का बसल्या जागी थिजली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"माझी आई! किती वेळा सांगू?"

"तुझी आई गेली?" म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. "कधी? तू तर... तू फिरायला गेली होतीस ना माहेरी? ऐन कापणीत?"

आता थिजायची पाळी लॉर्नाची होती. दोघींच्या माना एकदमच ओरेस्टकडे वळल्या. तो ताटातल्या पिरोहीकडे बघत होता, जणू तीच काही उत्तर देणार होती.

"ओरेस्ट," पारास्का म्हणाली. "मला काय सांगितलंस तू?"

"मी म्हटलं, माहेरी गेलीय."

"का गेलीय ते?"

"ट्रक उभे होते, मामो," तो आईला म्हणाला. "तू हॉलवरून दमून आलेली. म्हटलं, सवडीनं सांगू. मग ही परत आली, हीही काही बोलेना, तूही बोलेनास. म्हटलं, आता कुठे विषय काढा. मग तो राहूनच गेला."

"राहून गेला?" लॉर्ना म्हणाली. "माझी आई राहून गेली?"

"तीन महिने!" पारास्का उठून उभी राहिली. गुडघे कटकन वाजले. "तीन महिने मी या पोरीला शिव्या घातल्या रे! मीच सांगितलं ओल्यानाला, कापणीतून पळाली, ऐतखाऊ आहे म्हणून. साऱ्या गावात मीच पसरवलं. तू शेजारी बसून ऐकलंस. माझ्या तोंडून हे पाप होत होतं आणि तू बटाटे खात होतास! आज सणाचा दिवस आहे म्हणून वाचलास, नाहीतर याच चमच्यानं सोलून काढला असता."

"मामो, सूप गार होतंय..."

"गप बस!" दोघी एकदम ओरडल्या.

पारास्का लॉर्नाकडे वळली. माफी मागायला तिची जीभ वळत नव्हती. आयुष्यात तो शब्द तिने वापरला असेल असं वाटत नाही. ती रागातच म्हणाली, "आणि तू गं? तुला तोंड नव्हतं? येऊन माझ्या अंगावर ओरडायचं होतंस तेव्हाच. आज ओरडलीस तशी."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक असतं तर मी तुला कोबी चिरायला लावलं असतं? मी काय राक्षसीण आहे?" म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचाही तिला राग आला. मनगटाने खसकन पुसून म्हणाली, "नाव काय होतं त्यांचं?"

"विनिफ्रेड."

"विनी... विन्फ्..." ते काही तिच्या जिभेवर बसेना. चौथ्या खेपेला कसंबसं जमलं. मग तिने कपाटातून आणखी एक पान काढलं, सगळ्यात चांगल्यातलं, निळ्या काठाचं, आणि लॉर्नाच्या शेजारी मांडलं. गव्हाचा एक नाही, तीन चमचे वाढले. "ये, विनिफ्रेड," ती म्हणाली, "उशीर झाला. रागावू नकोस. जेवायला बैस."

लॉर्नाने ओठ घट्ट मिटून घेतले होते. ते आता तिला आवरेनात.

ओरेस्टने संधी साधून चमचा उचलला. पारास्काने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"उठ."

"कुठे?"

"फोनकडे. आधी ओल्याना. मग दिमित्रो. मग फादर. मग गावात जेवढी घरं आहेत तेवढी, तुझ्या तोंडानं. हिची आई गेली होती, हे सांग, आणि मी सांगितलं नाही, हेही सांग."

"मामो, या जेवणावरून मध्येच उठायचं नसतं. तूच शिकवलंस."

"मी तुला बोलायलाही शिकवलं होतं. त्याचं काय झालं?"

ओरेस्ट उठला. चांगला सव्वासहा फुटी गडी, पण उठला तेव्हा अर्धाच दिसला. फोन बाहेरच्या बोळात भिंतीवर होता. चकती फिरल्याचा आवाज आला. मग पुटपुटल्यासारखं काहीतरी, "ओल्याना... हो, हो, सणाच्या शुभेच्छा. नाही, त्यासाठी नाही. ते... लॉर्नाची आई..."

पारास्का बसली. लॉर्नाही बसली. समोर बारा पदार्थ, दोघींपैकी कुणीच हात लावला नव्हता.

"लॉर्नाची आई वारली," बोळातून हळूच ऐकू आलं.

"मोठ्याने बोल!" लॉर्ना टेबलावरून ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं. "मला ऐकू येत नाहीये!"